पांढऱ्या चॉकलेटचे तंत्र आणि मंत्र

वाढदिवसाच्या समारंभात पूर्वी एकच मोठा केक कापला जाई आणि त्याचे तुकडे बश्यांतून वाटले जात. आता त्याच मेजावर काडीला खोचलेले, लहान लाडवाएवढे गोलकही मांडलेले दिसतात. हेच ‘केकपॉप’. केकचा चुरा, तो बांधून ठेवण्यापुरते क्रीम आणि वरून चॉकलेटचे कवच, एवढाच त्यांचा संसार. अमेरिकेत ‘बेकरेला’ या नावाने लिहिणाऱ्या अँजी डडली यांनी २००८ च्या सुमारास हा प्रकार लोकप्रिय केला. २०११ मध्ये तो स्टारबक्सच्या दुकानांतही आला. आज आपल्याकडे घरून केक करून विकणाऱ्या अनेक गृहिणींच्या यादीत त्याला स्थान आहे.

लाडू वळणाऱ्या हातांना गोळे वळणे शिकवावे लागत नाही. अडचण येते ती कवचापाशी, त्यातही कवच पांढऱ्या चॉकलेटचे असेल तर अधिक. चाळीस केकपॉपची मागणी असावी, समारंभ सायंकाळी असावा आणि दुपारी भांड्यातील चॉकलेटचा घट्ट, रवाळ गोळा व्हावा, यात साहित्य आणि श्रम तर वाया जातातच, शिवाय गिऱ्हाइकाचा विश्वासही पणाला लागतो. असे का घडते, हे समजून घेतले तर हा प्रसंग बहुधा टाळता येतो.

नाजूक प्रकृती

कोकोच्या बियांपासून दोन गोष्टी मिळतात: तपकिरी, कडवट घटक आणि फिकट पिवळसर कोको बटर. पांढऱ्या चॉकलेटमध्ये तपकिरी घटक नसतात. कोको बटर, साखर आणि दुधाची भुकटी मिळून ते तयार होते. अमेरिकेत २००४ पासून लागू असलेल्या मानकानुसार त्यात किमान २० टक्के कोको बटर आणि १४ टक्के दुग्धघटक असावे लागतात. दूध आणि साखर यांचे हे प्रमाणच त्याला नाजूक बनवते. आच वाढली की दुधातील प्रथिने करपू लागतात, रंग पिवळट होतो आणि मिश्रण जाडसर होते. म्हणून त्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ देऊ नये. स्वयंपाकघरातील उष्णतामापी ही येथे चैन नसून गरज आहे.

दुसरा शत्रू पाणी. चॉकलेटमध्ये साखरेचे सूक्ष्म कण स्निग्धांशात विखुरलेले असतात. पाण्याचा एखादा थेंब पडला की ते ओलावून एकमेकांना चिकटतात आणि क्षणात सारे मिश्रण आवळून येते. भांडे, चमचा, हात अगदी कोरडे हवेत. गरम पाण्यावर भांडे ठेवून चॉकलेट वितळवायचे असल्यास खालचे पाणी उकळते नसावे, वरच्या भांड्याला लागू नये आणि वाफ आत शिरू नये. मायक्रोवेव्हमध्ये निम्म्या शक्तीवर प्रथम तीस आणि नंतर पंधरा-पंधरा सेकंदांचे टप्पे घेऊन प्रत्येक वेळी ढवळावे. रंग घालायचा तर तेलात मिसळणाराच घ्यावा. पाण्यात विरघळणारा रंग घात करतो. एवढे करूनही चॉकलेट आवळलेच तर ते टाकू नये. गरम क्रीम घालून घोटल्यास ते पुन्हा मऊ होते. कवचासाठी ते निरुपयोगी ठरले, तरी केकचा पुढचा चुरा बांधण्यास उत्तम.

वितळणे सोपे, थिजणे अवघड

कढवलेले तूप सावकाश निवले तर रवाळ होते आणि फ्रिजमध्ये घाईने थिजवले तर गुळगुळीत. कोको बटरचेही असेच आहे. त्याचे स्फटिक सहा प्रकारचे असतात, असे विली आणि लटन या संशोधकांनी १९६६ मध्ये दाखवले. त्यातील पाचवा प्रकार सुमारे ३४ अंशांना वितळतो. चकाकी, कुरकुरीतपणा आणि जिभेवर विरघळण्याचा गुण त्याच्यामुळेच येतो. नुसते वितळवून बुडवलेले कवच मऊ, चिकट आणि निस्तेज राहते, कारण त्यात हवे ते स्फटिक तयार झालेले नसतात.

ते साधण्यासाठी दुधाला विरजण लावावे तसे चॉकलेटला चॉकलेटचेच विरजण लावतात. सुमारे दोन डझन केकपॉपसाठी ४५० ग्रॅम चॉकलेट घ्यावे. त्यातील ३०० ग्रॅम ४० ते ४२ अंशांपर्यंत वितळवावे. उरलेले १५० ग्रॅम बारीक चिरून थोडे थोडे घालीत, तापमान २६-२७ अंशांवर येईपर्यंत ढवळावे. मग हलकी ऊब देऊन ते २८-२९ अंशांवर आणावे आणि तेथेच राखावे. पारा ३० अंशांपुढे गेला तर विरजण वितळते आणि सारे पुन्हा करावे लागते. सुरीच्या टोकावर थोडे लावून पाहावे. थंड खोलीत पाचेक मिनिटांत ते चकाकीसह थिजले की काम फत्ते.

गोळे फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवावेत, पण गोठवू नयेत. फार गार गोळा उबदार होताना फुगतो, थिजणारे कवच आकसते आणि तडा जातो. मुंबई किंवा चेन्नईच्या दमट हवेत गोळे झाकलेल्या डब्यातूनच बाहेर काढावेत, अन्यथा त्यांच्यावर दव धरते. काडीचे टोक आधी चॉकलेटमध्ये बुडवून मग गोळ्यात खोचावे. काड्या कागदी घ्याव्यात. प्लास्टिकच्या कँडी-काड्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.

कंपाउंड आणि सचोटी

मे महिन्याच्या उकाड्यात वातानुकूलित खोलीशिवाय हे तंत्र साधणे कठीण. तेव्हा अनेकजणी कंपाउंडचा आधार घेतात. त्यात कोको बटरऐवजी दुसरे वनस्पतिजन्य स्निग्ध असते, बहुधा पामच्या गरापासूनचे. ते विरजणाशिवाय थिजते आणि स्वस्तही पडते. मात्र ते खऱ्या पांढऱ्या चॉकलेटमध्ये मिसळू नये. दोन्ही स्निग्धांचे जमत नाही आणि कवच मऊ पडते. कोको बटरशी जुळणारी स्निग्धे वेगळी आहेत, आणि त्यांतील एक कोकणाच्या परिचयाचे आहे. भेगाळलेल्या टाचांना लावतात ते कोकमाच्या बियांचे भिरंडेल! युरोपीय संघाच्या २००० सालच्या निर्देशानुसार चॉकलेटमध्ये ५ टक्क्यांपर्यंत चालणाऱ्या सहा वनस्पतिजन्य स्निग्धांत कोकम, साल आणि आंब्याची कोय यांचा समावेश आहे.

कंपाउंड वापरण्यात कमीपणा काहीच नाही. ते पांढरे चॉकलेट म्हणून विकण्यात आहे. वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी, गिऱ्हाइकाला दोन्हींचे दर स्वतंत्र सांगावेत आणि निवड त्याच्यावर सोपवावी. घरून विक्री करणाऱ्यांनाही २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी आवश्यक असते, हेही ध्यानी ठेवावे. वहीत दर खेपेचे वजन, खर्च आणि तापमान टिपून ठेवणारी गृहिणी वर्षाअखेर दोन गोष्टी निश्चित सांगू शकते: आपला नफा किती, आणि आपल्या स्वयंपाकघरात कोणत्या महिन्यात कोणते कवच टिकते.