रक्तातली नोंद

(गरोदरपणात होणारा मधुमेह लवकर ओळखता यावा, म्हणून शास्त्रज्ञ रक्तातील खुणा शोधत आहेत. पुण्यातील संशोधकांचा या कामात कसा वाटा आहे, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, समजा तुमची आपा माहेरी आली आहे. घरात बाळ येणार, म्हणून सगळे आनंदात आहेत. आपा हसते, बोलते, घरात वावरते. तिला काहीच त्रास नाही. तरीही डॉक्टर म्हणतात, “रक्तातील साखर तपासून घ्या.” आजार दिसत नाही, मग तपासणी कशाला? असा प्रश्न तुम्हांला पडेल.

आपण जेवतो तेव्हा अन्नातील साखर रक्तात येते. स्वादुपिंडातून इन्सुलिन नावाचे द्रव्य पाझरते. त्याच्या मदतीने साखर पेशींत शिरते. गरोदरपणात बाळाला आईशी जोडणारी वार काही द्रव्ये तयार करते. त्यांच्यामुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. मग आईच्या स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन तयार करावे लागते. ते पुरेसे झाले नाही, तर रक्तातील साखर वाढते. यालाच गरोदरपणातील मधुमेह म्हणतात.

आईच्या रक्तातील जास्तीची साखर बाळाकडेही जाते. बाळ प्रमाणाबाहेर वाढते आणि बाळंतपण अवघड होते. जन्मानंतर बाळाच्या रक्तातील साखर एकदम कमी होण्याची भीती असते. बाळंतपणानंतर आईची साखर बहुधा पूर्वीसारखी होते. पण पुढे तिला कायमचा मधुमेह होण्याचा धोका राहतो. आईला मात्र बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. म्हणून तपासणी हवी.

आपल्या देशात यासाठी एक सोपी तपासणी करतात. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त तपासतात. दर 100 मिलिलिटरमागे साखर 140 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक निघाली, तर उपचार सुरू करतात. ही तपासणी पहिल्या भेटीत करतात आणि 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करतात. बऱ्याच जणींची साखर या दुसऱ्या तपासणीतच वाढलेली आढळते. तोवर सहावा महिना उजाडलेला असतो. मग साखर वाढण्याआधीच धोका ओळखता येईल का?

येथे रक्त आपल्या मदतीला येते. वाहीखात्यात जशी जमाखर्चाची नोंद राहते, तशी रक्तात साखरेची नोंद राहते. साखर तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटते. या पेशी सुमारे 120 दिवस जगतात. म्हणून त्यांवरून मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब कळतो. परंतु गरोदरपणात अनेक स्त्रियांना रक्तक्षय असतो. त्यामुळे हा हिशेब चुकू शकतो. अल्ब्युमिन या प्रथिनालाही साखर चिकटते. त्यावरून मागील दोन-तीन आठवड्यांचाच हिशेब मिळतो. पण तो ताजा असतो.

पुण्यात पाषाण येथे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. तिची स्थापना 1950 साली झाली. तेथील डॉ. महेश कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्ब्युमिनवर साखर नेमकी कोठे चिकटते, याचा अभ्यास केला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांत अशा तीन जागा महत्त्वाच्या ठरतात, असे त्यांनी 2019 साली दाखवले. हा अभ्यास गरोदर स्त्रियांपुरता नव्हता. पण अशाच खुणा त्यांच्या रक्तातही शोधता येतात. अशा खुणेला बायोमार्कर म्हणतात. ॲडिपोनेक्टिन हे चरबीत तयार होणारे प्रथिन अशीच एक खूण आहे. ज्या स्त्रियांना पुढे हा मधुमेह होतो, त्यांच्या रक्तात ते पहिल्या तीन महिन्यांतच कमी असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

पुण्याच्या रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणखी मागे जाऊन पाहिले. 1993 साली त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास सुरू केला. गरोदरपणाच्या 18व्या आणि 28व्या आठवड्यांत मातांचे रक्त तपासले. सुमारे दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात जीवनसत्त्व ब-12 कमी होते. ज्यांच्या रक्तात ब-12 कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनचा परिणाम सर्वांत कमी आढळला. म्हणजे आईच्या रक्तातील नोंद मुलाच्या शरीरातही उतरते! पुढे 2012 साली याच मुलामुलींना ब-12 देऊन त्यांच्या होणाऱ्या बाळांना फायदा होतो का, हे पाहण्याचा प्रयोग सुरू झाला.

मित्रांनो, साखरेच्या साध्या तपासणीची जागा अजून कोणत्याही एका खुणेने घेतलेली नाही. एका ठिकाणी सापडलेली खूण हजारो स्त्रियांत पडताळून पाहावी लागते. ती तपासणी खेड्यातल्या दवाखान्यातही परवडायला हवी. तोपर्यंत आज हाती असलेली तपासणी वेळेवर करून घेणे, हेच शहाणपण. तेव्हा आज घरी गेल्यावर अम्मीला आणि आपाला एवढे जरूर सांगा : त्रास नसला, तरी तपासणी टाळू नका.

शब्दार्थ
स्वादुपिंड – पोटातील, इन्सुलिन तयार करणारा अवयव. वार – गर्भाशयात बाळाचे पोषण करणारा अवयव. रक्तक्षय – रक्तातील हिमोग्लोबिन कमी होणे. वाहीखाते – हिशेबाची वही. उंबरठ्यावर असणे – अगदी जवळ येऊन पोहोचणे. पडताळणे – खरे-खोटे तपासणे.

स्वाध्याय
1. त्रास नसतानाही गरोदर स्त्रीने साखर का तपासावी?
2. लेखकाने रक्ताला वाहीखात्याची उपमा का दिली आहे?
3. हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन यांच्या नोंदींत कोणता फरक आहे?
4. जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन गरोदर स्त्रियांच्या कोणकोणत्या तपासण्या होतात, याची माहिती मिळवा व वहीत लिहा.