जाळी साफ झाली का?

विद्यापीठांच्या इमारती कशा सांभाळल्या जातात यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं आणि मी सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरची एसटी धरली. तिथे तात्या राहतात. राज्यातल्या एका जुन्या विद्यापीठाच्या देखभाल विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यातले बहुतेक पावसाळे गच्चीवर.

आम्ही अर्धनारीनटेश्वराच्या देवळात बसलो. रामचंद्रदेव यादवाच्या काळातला, शके 1222 चा शिलालेख या गावात आहे. खांबावर हात ठेवून तात्या म्हणाले, "ह्यात लोखंड न्हाई, म्हणून टिकलंय."

विद्यापीठाच्या स्लॅबमध्ये लोखंड असतं आणि तात्यांचं उभं आयुष्य त्या लोखंडापासून पाणी लांब ठेवण्यात गेलं. सळई गंजली की फुगते, काँक्रीट आतून फुटतं आणि एक दिवस छताचा पोपडा बाकावर पडतो. सोलापूर जिल्ह्यात पाऊस कमी, म्हणून गच्चीकडे कोणी बघत नाही. पण उन्हाळ्यात पारा 42 च्या वर जातो. स्लॅब दिवसा ताणतो, रात्री आखडतो, कोब्याला केसासारख्या भेगा पडतात. सप्टेंबरात परतीचा पाऊस नेमका त्याच भेगांत शिरतो.

तात्यांनी काडीनं मातीत कठडा काढून दाखवला. "कठडा अन् स्लॅब जिथं मिळतात, तिथला कोपरा गोल करून घ्यायचा. त्याला वाटा म्हणायचं. वाटा सुटला की पानी भिंतीत उतरलंच. आन् डाग हितं दिसतोय म्हणून पानी हितनंच आलं, असं समजू नका." ग्रंथालयातला एक डाग शोधायला त्यांना तीन दिवस लागले होते. उगम निघाला इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला, पन्हाळाच्या जाळीवर साचलेल्या पिंपळाच्या पानांत. पानं काढायला दहा मिनिटं लागली. तोवर खालच्या दोन कपाटांतली पुस्तकं भिजली होती, हे सांगताना त्यांचा आवाज आजही बसतो.

आपल्या सोलापूर जिल्ह्याचं विद्यापीठ 1 ऑगस्ट 2004 ला सुरू झालं. 2019 पासून त्याला अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे. त्यांनी नवे घाट बांधले, तशी मोडकळीला आलेली देवळंही दुरुस्त केली आणि पुढच्या खर्चासाठी नेमणुका करून दिल्या. वीस वर्षांची इमारत म्हणजे दुरुस्ती मागू लागण्याचं वय, आणि माझी काळजी इथून सुरू होते. केंद्राच्या रूसा या उच्चशिक्षण योजनेत पायाभूत सुविधांच्या अनुदानातली 35 टक्के रक्कम नव्या बांधकामाला आणि 35 टक्के नूतनीकरणाला, अशी वाटणी होती. नूतनीकरण एकदाच होतं. जाळी दरवर्षी साफ करावी लागते. त्या कामाला ना कोनशिला, ना उद्घाटन. गवंडी, प्लंबर, वायरमन निवृत्त होतात, त्यांच्या जागी कंत्राट निघतं, आणि मुदत संपली की गच्चीची सगळी माहिती कंत्राटी माणसाबरोबर फाटकाबाहेर जाते.

तात्यांनी एक वही ठेवली होती. कुठल्या गच्चीचा उतार कुठे, कुठला पन्हाळ कधी तुंबला, कुठला वाटा कोणत्या साली केला. निवृत्तीच्या दिवशी ती कोणी मागितली नाही. वही अजून वेळापुरात, त्यांच्या ट्रंकेत आहे.

दर मार्चमध्ये विद्यापीठांच्या अधिसभेसमोर अर्थसंकल्प येतो. सदस्यांना माझी विनंती आहे: त्या दिवशी प्रत्येक इमारतीची अशी वही मागा, देखभालीची रक्कम वेगळी दाखवायला लावा, आणि मृग लागण्याआधी जाळ्या कोण साफ करणार, त्या माणसाचं नाव विचारा.