हिरोशिमा : तिथं गेलेल्या माणसांना काय दिसतं?

दरवर्षी ६ ऑगस्टला आपण परिपाठात हिरोशिमा दिनाची माहिती सांगतो. यंदा माहिती सांगून झाल्यावर पाचवीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, तिथं आता मोठा खड्डा असेल ना?" लगेच मागून एक मुलगी म्हणाली, "तिथं आता कुणी राहतच नसेल."

मी दोघांना उत्तर दिलं, पण ते अर्धवटच होतं. नंतर जाणवलं की आपण हिरोशिमा मुलांना एकाच सकाळपुरतं सांगतो. बॉम्ब पडला, माणसं गेली, धडा संपला. त्या शहराचं पुढे काय झालं हे आपल्यालाही फारसं ठाऊक नसतं. मी स्वतः जपानला गेलेले नाही. पण तिथं जाऊन आलेल्यांचे अनुभव वाचले आणि माहिती गोळा केली. ती आपल्या सर्वांच्या उपयोगी पडावी म्हणून हा लेख.

खड्डा का नाही?

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी अमेरिकेने हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकला. तो जमिनीवर आदळून फुटला नाही, तर जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. त्यामुळे जमिनीत खड्डा पडला नाही. प्रचंड उष्णता, दाब आणि किरणोत्सर्ग मात्र वरून सगळ्या शहरावर पसरला. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं मेली असा अंदाज आहे.

मग आज तिथं राहता कसं येतं? स्फोट हवेत उंचावर झाल्याने जमिनीत मुरलेला किरणोत्सर्ग तुलनेने कमी होता आणि तो लवकर घटत गेला. आज हिरोशिमातला किरणोत्सर्ग जगातल्या इतर कोणत्याही शहरात नैसर्गिकरीत्या असतो तेवढाच आहे. तिथं सुमारे १२ लाख लोक राहतात.

पहिला धक्का : हिरवं शहर

प्रवासी उतरतात तेव्हा मनात राखेचं शहर असतं. समोर दिसतात नद्या, पूल, झाडं, शाळेची मुलं आणि रस्त्यावरून धावणाऱ्या ट्राम. या ट्रामची एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. बॉम्ब पडल्यानंतर तिसऱ्याच दिवशी एका छोट्या मार्गावर ट्राम पुन्हा सुरू झाली होती. बॉम्ब झेललेल्या ट्रामपैकी काही दुरुस्त करून पुढे अनेक दशकं चालवल्या गेल्या.

दुसरी गोष्ट झाडांची. इथं ७५ वर्षं काहीच उगवणार नाही, अशी तेव्हा बोलवा होती. पण जळालेल्या मातीत लवकर फुललेलं झाड म्हणजे कण्हेर. आपल्या शाळेच्या कुंपणाला असते तीच! आज कण्हेर हे हिरोशिमाचं अधिकृत फूल आहे. पुढच्या वेळी कण्हेरीजवळून जाताना मुलांना हे सांगा, ती विसरणार नाहीत.

तिथं ओकोनोमियाकी नावाचा पदार्थ प्रसिद्ध आहे. पातळ घावनासारखा थर, त्यावर कोबी आणि नूडल्स. अशा शहरात येऊन आवडीने खावं, हसावं का, असा संकोच बऱ्याच प्रवाशांना वाटतो. पण तिथली माणसं खातात, हसतात, बेसबॉलच्या सामन्याला गर्दी करतात. जगणं पुन्हा सुरू झालं, हेही त्या शहराचं सांगणंच आहे.

दुसरा धक्का : एक डबा

शांतता स्मारक संग्रहालयात गेल्यावर मात्र बोलणं थांबतं. तिथं मोठमोठ्या आकड्यांपेक्षा साध्या वस्तू माणसाला हलवून सोडतात. त्यातली एक वस्तू म्हणजे जेवणाचा डबा.

शिगेरू ओरिमेन हा १३ वर्षांचा मुलगा होता. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळ्या जागा करायच्या कामाला तेव्हा हजारो शाळकरी मुलांना लावलं होतं. शिगेरूही त्याच कामावर होता. त्याच्या आईला त्याचा मृतदेह सापडला तेव्हा शरीराखाली डबा होता. आतलं अन्न जळून कोळसा झालेलं. तो डबा त्याने उघडलाच नव्हता.

रोज मधल्या सुट्टीत डब्यांची झाकणं उघडताना आपण ऐकतो. त्यामुळे हे वाचताना मला पुढे वाचवेना.

तीन वर्षांच्या शिनची तीनचाकी सायकलही तिथं आहे. वडिलांनी ती त्याच्यासोबत अंगणात पुरली होती. १९८५ मध्ये त्यांनी ती उकरून काढली आणि संग्रहालयाला दिली.

सदाकोची गोष्ट, थोडी दुरुस्त करून

सदाको सासाकी बॉम्ब पडला तेव्हा २ वर्षांची होती. पुढे तिला रक्ताचा कर्करोग झाला. हजार कागदी करकोचे केले की इच्छा पूर्ण होते, या समजुतीने ती दवाखान्यात घड्या घालत राहिली. २५ ऑक्टोबर १९५५ रोजी, १२ व्या वर्षी ती गेली.

तिचे ६४४ च करकोचे झाले होते, असं आपण सांगतो. ते एका गोष्टीच्या पुस्तकातून आलेलं आहे. तिच्या घरचे सांगतात की तिचे हजार पूर्ण झाले होते आणि त्यानंतरही ती करत राहिली. म्हणजे करकोचे कमी पडले म्हणून ती गेली नाही. हे मुलांना सांगणं मला महत्त्वाचं वाटतं. नाहीतर एखाद्या मुलाला वाटेल, अजून थोडे केले असते तर वाचली असती.

तिच्या वर्गमित्रांनी पुढाकार घेतला, मदत गोळा झाली आणि १९५८ मध्ये मुलांचं शांतता स्मारक उभं राहिलं. आज जगभरातली मुलं तिथं करकोचे पाठवतात.

ठेवायचं की पाडायचं?

फोटोत दिसतो तो घुमट म्हणजे १९१५ मध्ये बांधलेल्या प्रदर्शन-इमारतीचा सांगाडा. तो पाहिला की जखम उघडी पडते, पाडून टाका, असं अनेक रहिवाशांचं म्हणणं होतं. तो राहिला नाही तर लोक विसरतील, असं इतरांचं. शेवटी १९६६ मध्ये नगरपरिषदेने तो जपायचा ठराव केला. १९९६ मध्ये तो जागतिक वारसा झाला. दोन्ही बाजूंची माणसं दुखावलेलीच होती, हे लक्षात घ्यायला हवं.

आणखी एक अवघड गोष्ट. हिरोशिमा हे लष्करी केंद्रही होतं आणि त्या युद्धात जपानने शेजारी देशांवर खूप अत्याचार केले. बॉम्बमध्ये हजारो कोरियन माणसंही मेली. त्यांचं स्मारक १९७० मध्ये झालं, पण उद्यानाबाहेर. ते आत यायला १९९९ साल उजाडलं. म्हणजे दुःखाच्या आठवणीतही कुणी आत, कुणी बाहेर राहतं. अर्थात, कुणाच्याही चुकीने शिगेरूच्या डब्याचं समर्थन होत नाही. या दोन्ही गोष्टी एकदम मनात ठेवणं मोठ्यांनाही जड जातं.

वर्गात काय करता येईल?

१. भाषण कमी करून एखादी वस्तू सांगा. डबा पुरेसा आहे.
२. लहान मुलांना जखमांची चित्रं दाखवू नका. भीतीने मूल शिकत नाही.
३. शेवट नेहमी आजच्या शहरावर करा : ट्राम, कण्हेर, शाळा.
४. "तुमच्या गावातली कोणती जुनी गोष्ट जपायला हवी? का?" यावर पाच ओळी लिहायला द्या.

त्या दोघांना मी दुसऱ्या दिवशी पूर्ण उत्तर दिलं. खड्डा नाही, माणसं राहतात, आणि शाळा भरते. तो मुलगा जरा थांबून म्हणाला, "मग तिथली पोरं पण डबा नेत असतील." हो म्हटलं, नेतात.