स्वयंपाकघरातील मध : घटक, कसोट्या आणि बाजारपेठ

भारतीय घरात मधाची बाटली बहुधा औषधांच्या फळीवर आढळते. खोकला झाला म्हणजे आल्याच्या रसात चमचाभर, पूजेच्या दिवशी पंचामृतात चार थेंब आणि अलीकडच्या काळात सकाळच्या लिंबूपाण्यात. याखेरीज तिचे झाकण फारसे उघडले जात नाही. दुसरीकडे, मधाच्या जागतिक व्यापारात मात्र भारत अग्रणी निर्यातदारांपैकी एक आहे. २०२३-२४ या वर्षात देशातून सुमारे १.०७ लाख टन नैसर्गिक मध निर्यात झाला व त्याचे मूल्य सुमारे १७.७ कोटी डॉलर होते. देशाचे वार्षिक उत्पादन १.४ लाख टनांच्या आसपास मानले जाते. याचा अर्थ असा की, उत्पादनाचा मोठा हिस्सा परदेशी खरेदीदारांच्या मर्जीवर अवलंबून आहे. ही स्थिती बदलायची तर मध औषधाच्या फळीवरून स्वयंपाकाच्या ओट्यावर यावयास हवा. तो तेथे आला की पहिला अनुभव मात्र बहुधा निराशेचा असतो. साखरेच्या जागी तेवढाच मध घालून केलेला केक वरून काळपट होतो, आत ओलसर राहतो आणि दोष मधाच्या माथी मारला जातो.

वास्तविक हा दोष मधाचा नसून मध म्हणजे ‘पातळ साखर’ या समजुतीचा आहे.

मधाचे घटक

फुलांतील मकरंदात पाण्याचे प्रमाण मोठे असते व त्यातील शर्करा बऱ्याच अंशी सुक्रोजच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या साखरेच्या स्वरूपात असते. मधमाशीच्या ग्रंथींतून स्रवणारे इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन साध्या शर्करांत विघटन करते. पोळ्यात माश्या पंखांनी वारा घालून पाणी उडवितात आणि मध पुरेसा दाट झाला की त्या कोठीवर मेणाचे झाकण बसवितात. अशा पक्व मधात साधारणपणे ३८ टक्के फ्रुक्टोज, ३१ टक्के ग्लुकोज व १७ टक्के पाणी असते. उरलेल्या भागात इतर शर्करा, आम्ले, खनिजे, विकरे व सुगंधी द्रव्ये येतात. फुलोऱ्यानुसार या प्रमाणात फरक पडतो. ग्लुकोज ऑक्सिडेज या दुसऱ्या विकरामुळे ग्लुकोनिक आम्ल तयार होते, त्यामुळे मधाचा सामू सरासरी ३.९ इतका, म्हणजे स्पष्टपणे आम्लधर्मी असतो. जिभेला हे आम्ल जाणवत नाही, कारण गोडी त्याला झाकून टाकते.

स्वयंपाकातील मधाचे सर्व वर्तन या चार गोष्टींतून उलगडते : पाणी, आम्ल, फ्रुक्टोजची ओलावा धरण्याची ओढ आणि साध्या शर्करांची उष्णतेला मिळणारी त्वरित प्रतिक्रिया.

भट्टीतील गणित

एक कप साखरेऐवजी पाऊण कप मध घ्यावा, हा पाकशास्त्रातील प्रचलित नियम आहे. तो कोठून आला हे साध्या हिशेबाने समजते. २४० मि.लि.च्या एका कपात साखर सुमारे २०० ग्रॅम मावते. मध मात्र पाण्याच्या जवळजवळ १.४ पट जड असल्याने सुमारे ३४० ग्रॅम. पाऊण कप मध म्हणजे २५५ ग्रॅम. त्यातील १७ टक्के, म्हणजे सुमारे ४३ ग्रॅम पाणी वजा केल्यास घन पदार्थ उरतो तो २१० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे साखरेच्या मूळ प्रमाणाशी हिशेब जुळतो. मात्र मिश्रणात तीन मोठे चमचे पाणी जास्तीचे आलेले असते. तेवढे दूध किंवा पाणी कमी केले नाही, तर केक मध्ये बसतो.

दुसरी दुरुस्ती आम्लाची. एवढ्या मधासाठी पाव चहाचा चमचा खाण्याचा सोडा घातला जातो. सोड्याचा मधातील आम्लाशी संयोग होऊन कर्बवायू सुटतो व पदार्थ हलका होतो. मात्र महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत अंड्याविना केक करताना दही व सोडा आधीच घातलेला असतो. तेथे दही थोडे कमी करणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग होय. सोडा वाढविला तर साबणासारखी चव येते.

तिसरी दुरुस्ती तापमानाची, आणि बहुतेकांची फसगत येथेच होते. पीठ, दूध व अंडी यांतील अमिनो आम्ले आणि क्षपणकारी शर्करा यांच्यात उष्णतेने जी तपकिरी रंग व खमंग वास देणारी प्रक्रिया घडते, तिला मेलार्ड अभिक्रिया म्हणतात. लुई-कामिय मेलार्ड या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचे वर्णन केले. सुक्रोज ही क्षपणकारी शर्करा नाही, तर ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन्ही आहेत. शिवाय फ्रुक्टोज सुमारे ११० अंश सेल्सिअसलाच करपू लागते, तर साखरेला त्यासाठी १६० अंशांहून अधिक उष्णता लागते. म्हणून १८० अंशांवर भाजावयाचा केक मध घातल्यास १६५ अंशांच्या आसपास, थोडा अधिक वेळ भाजावा लागतो. मधाची शंकरपाळी तळणीत पाहता पाहता लाल होतात, त्याचेही कारण हेच.

फ्रुक्टोजची ओलावा धरण्याची ओढ एके ठिकाणी गुण, तर दुसऱ्या ठिकाणी अवगुण ठरते. मधाचा केक चार दिवसांनीही मऊ राहतो. परंतु मधाची चिक्की पावसाळी हवेत लिबलिबीत होते. कुरकुरीतपणा हवा असेल तेथे गुळाला पर्याय नाही.

न तापविता मध वापरण्याची परंपरा दक्षिणेत समृद्ध आहे. तमिळनाडूत राळ्याचे पीठ मधात कालवून ‘तिनै मावु’ करतात. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या पळणीच्या पंचामृतात केळी, गूळसाखर, गाईचे तूप, मध व वेलची असते. पाण्याचा थेंबही घातला जात नाही. मुक्त पाणी नसल्याने सूक्ष्मजीव वाढत नाहीत व पदार्थ टिकतो. अन्नपरिरक्षणाचे हे अगदी चोख उदाहरण म्हणावे लागेल.

मध तापवावा काय?

आयुर्वेदाने उष्ण केलेला मध निषिद्ध मानला आहे. आधुनिक रसायनशास्त्राची भाषा वेगळी आहे. मध तापविल्यास विकरे नष्ट होतात, सुगंध उडतो आणि आम्ल माध्यमात शर्करेपासून हायड्रॉक्सिमिथाइलफर्फ्युरल (एचएमएफ) हे संयुग तयार होते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांत मधातील त्याची मर्यादा प्रतिकिलो ८० मि.ग्रॅ. आहे. ही मर्यादा मुख्यत्वे मध फार तापविला गेला किंवा फार काळ साठविला गेला काय, हे ओळखण्यासाठी आहे. पावाच्या कवचात व भाजलेल्या कॉफीतही हे संयुग असतेच. तरीही रानातला सुवासिक, महागडा मध केकच्या मिश्रणात घालणे हा अपव्ययच होय. भाजण्यासाठी मोहरीचा स्वस्त मध पुरेसा आहे; जांभूळ, लिची किंवा सुंदरबनाचा मध पोळीवर किंवा दह्यावर वरून घ्यावा.

एका बाबतीत मात्र मतभेदास जागा नाही. एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये, मग तो चाटवलेला असो वा बिस्किटात भाजलेला. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूची बीजुके असू शकतात. ती घरगुती भट्टीत हमखास मरत नाहीत आणि अर्भकाच्या आतड्यात रुजून पक्षाघातासारखा गंभीर आजार घडवितात. नवजात बालकास मधाचे बोट चाटविण्याची प्रथा म्हणूनच थांबावयास हवी. मोठ्यांनीही मध ‘साखरमुक्त’ समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मधातील शर्करा ‘मुक्त शर्करे’तच मोजली आहे आणि अशा शर्करेचा वाटा दैनंदिन ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ठेवण्याची शिफारस आहे. २,००० कॅलरींच्या आहारात हे प्रमाण ५० ग्रॅम होते.

गोठलेला मध आणि भेसळ

थंडीत बाटलीच्या तळाशी दाणे जमले की ग्राहक ती दुकानदाराकडे परत नेतो. दाणे म्हणजे साखरेची भेसळ, हा समज इतका पक्का आहे की त्यापुढे कोणताही युक्तिवाद टिकत नाही. प्रत्यक्षात हे दाणे ग्लुकोजचे स्फटिक असतात. मोहरीच्या मधात ग्लुकोजचे प्रमाण अधिक असल्याने तो काही आठवड्यांतच लोण्यासारखा घट्ट होतो. बरणी कोमट पाण्यात ठेवली की तो पूर्ववत होतो. वर्षभर काचेसारखा स्वच्छ राहणारा मध ग्राहकाला हवा असतो, म्हणून प्रक्रिया करणारे उद्योग तो तापवितात व बारीक गाळतात. ग्राहकाच्या अज्ञानाची किंमत अशा रीतीने मधाच्या सुगंधाने मोजली जाते.

भेसळीचे खरे स्वरूप अधिक गुंतागुंतीचे आहे. ऊस व मका या ‘सी-४’ प्रकारच्या वनस्पती आहेत. त्यांच्या शर्करेतील कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण फुलझाडांहून वेगळे असल्याने प्रयोगशाळेत ती ओळखू येते. मधात अशा शर्करेची कमाल मर्यादा ७ टक्के आहे. भात मात्र ‘सी-३’ वनस्पती आहे, मधमाश्यांना मकरंद देणाऱ्या बहुतेक फुलझाडांप्रमाणेच. त्यामुळे तांदळाचा पाक या चाचणीतून सुटतो. डिसेंबर २०२० मध्ये विज्ञान आणि पर्यावरण केंद्र या संस्थेने १३ नाममुद्रांचे नमुने तपासून त्यांपैकी १० अनुत्तीर्ण ठरल्याचे जाहीर केले. संबंधित कंपन्यांनी तो निष्कर्ष फेटाळला. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून अमेरिकेला जाणाऱ्या मधासाठी चुंबकीय अनुस्पंदन चाचणी अनिवार्य करण्यात आली होती. पाण्यात थेंब टाकणे, मधात भिजवलेली काडी पेटविणे या घरगुती कसोट्या अशा पाकापुढे निरुपयोगी आहेत.

मानकांत एक गमतीची नोंद सापडते. मधातील सुक्रोजची कमाल मर्यादा ५ टक्के असली, तरी कारवीच्या मधासाठी ती १० टक्के आहे. सह्याद्रीच्या उतारांवर सात-आठ वर्षांतून एकदाच फुलणाऱ्या या झुडपाचा मध स्वभावतःच वेगळा असतो आणि कायद्याने त्याची दखल घेतली आहे.

पेटीपासून बरणीपर्यंत

आग्या माशीचा मध रानातून, तर सातेरीचा पेट्यांतून मिळत असे. १९६२ मध्ये हिमाचलातील नगरोटा बगवान येथे युरोपीय मेलिफेरा माशी यशस्वीपणे रुजविण्यात आली व उत्तर भारतात स्थलांतरित मधुमक्षिकापालन वाढले. त्याच वर्षी पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. पुढे राष्ट्रीय मधुमक्षिकापालन व मध अभियानासाठी २०२० मध्ये ५०० कोटी रुपयांची तरतूद घोषित झाली आणि २०२१ मध्ये नोंदणीसाठी ‘मधुक्रांती’ पोर्टल सुरू झाले. महाबळेश्वरजवळील मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले.

हिवाळ्यात पेट्या राजस्थानच्या मोहरीत, वसंतात बिहारच्या लिचीबागांत असा पालकांचा प्रवास चालतो. मोहरीचा मध विपुल, पण गोठणारा. म्हणून देशी ग्राहकाला नको असलेला आणि निर्यातीवर सर्वाधिक विसंबलेला. परदेशी भाव कोसळल्यावर मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारला प्रतिटन २,००० डॉलर हे किमान निर्यातमूल्य ठरवावे लागले. भट्टीत मात्र या मधाचे गोठणे आड येत नाही. लोण्यासारखा घट्ट झालेला हा मध तुपाबरोबर फेसून नानकटाईच्या किंवा केकच्या पिठात सहज मिसळतो.