चाळीस हजार टाक्यांचा हिशेब

२०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशात ३५.२२ लाख विणकर आणि पूरक कामगार मोजले गेले. त्याआधीच्या, २००९-१० च्या गणनेत हाच आकडा ४३.३१ लाख होता. म्हणजे दहा वर्षांत आठ लाखांहून अधिक माणसं, सुमारे १९ टक्के, या कामातून कमी झाली. जे उरले त्यांत ७२ टक्के स्त्रिया आहेत. आणि विणकर कुटुंबांपैकी जवळपास दोन तृतीयांश कुटुंबांची महिन्याची कमाई ५,००० रुपयांच्या आत आहे.

हातानं वस्तू घडवून विकणाऱ्यांची उमेद का खचते, याचं उत्तर आपण सहसा माणसाच्या स्वभावात शोधतो. चिकाटी हवी, आवड हवी, सातत्य हवं, असं सांगून मोकळे होतो. माझं म्हणणं असं, की उमेदीचा प्रश्न आधी हिशेबाचा आहे. आपल्या तासाची किंमत ज्याला माहीत नाही, त्याचा उत्साह कितीही खरा असला तरी दोन-तीन वर्षांत आटतो. सोलापूरसारख्या कापडाच्या गावात हे फार स्पष्ट दिसतं.

गिरणी गेली, हात राहिले

सोलापूरची जुनी मिल १८७७ साली सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि भोंग्यावर शहराचा दिवस चालू लागला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. मागावरचं काम मात्र थांबलं नाही. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनी ते घराघरांत आणि छोट्या कारखान्यांत जिवंत ठेवलं. २००५-०६ मध्ये सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळालं.

पण मानांकन नावाचं रक्षण करतं, मजुरीचं नाही. चादर आणि टॉवेल आज यंत्रमागावर निघतात. हातमागाकडे मुख्यतः वॉल हँगिंगसारखं काम उरलं. चित्रातला रंग जिथे बदलतो तिथे बाण्याचा धागा हातानं बदलावा लागतो, म्हणून ते यंत्राला परवडत नाही. हातकामाची टिकण्याची जागा नेमकी हीच: यंत्र जे करत नाही किंवा ज्याचा त्याला कंटाळा आहे, ते काम.

घराघरांत शिवली जाणारी गोधडी, सीमाभागातली कौदी, ही याच जागेवर बसते. तिला माग लागत नाही, वीज लागत नाही, गाळा लागत नाही. म्हणूनच घरबसल्या व्यवसायाचा विचार करणारी बाई पहिल्यांदा गोधडीकडे वळते, आणि बहुतेक वेळा पहिल्यांदा फसतेही तिथेच.

एका गोधडीत किती टाके?

उदाहरणादाखल ५ फूट बाय ७ फुटांची गोधडी घेऊ. धावदोऱ्याच्या दोन ओळींत अर्धा इंच अंतर धरलं, तर एकूण शिलाई १०,०८० इंच, म्हणजे ८४० फूट भरते. इंचाला चार टाके धरले तर ४०,३२० टाके. तासाला १४ फूट शिलाई होते असं मानलं, तर एका गोधडीला ६० तास लागतात. तुमचा हात याहून जलद असेल किंवा टाका बारीक असेल; आकडे आपापले घाला, रीत तीच राहील.

आता ही गोधडी १,५०० रुपयांना विकली असं समजा. कापड, दोरा, धुलाई, पॅकिंग यांचे ७०० रुपये गेले. प्रदर्शनाचं भाडं, दुकानदाराची सूट किंवा ऑनलाइन विक्रीचं कमिशन मिळून २० टक्के, म्हणजे ३०० रुपये गेले. उरले ५००. भागिले ६० तास: तासाला ८ रुपये ३३ पैसे.

महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९ रुपये. म्हणजे चाळीस हजार टाके घालणारी बाई खडी फोडणाऱ्याच्या मजुरीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यावर काम करते, आणि वर “तुमच्या हातात कला आहे” हे ऐकते.

सोलापुरात घरोघरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांना हजार विड्यांमागे किती मिळतात हे तोंडपाठ असतं. तो दर पुरेसा आहे की नाही हा वेगळा लढा आहे, पण दर माहीत असल्यामुळेच त्यासाठी लढता येतं. गोधडीवालीला मात्र हजार टाक्यांमागे आपल्याला काय सुटतं, हे कुणी विचारलेलंच नसतं. वरच्या हिशेबात ते उत्तर साडेबारा रुपयांच्या आत आहे.

सुईबाहेरचे तास

योग्य किंमत काढायची तर आणखी एक गोष्ट मोजावी लागते. महिन्याला १०० तास व्यवसायाला दिले, तर सगळे सुईवर जात नाहीत. कापड आणायला जाणं, फोटो काढणं, व्हॉट्सॲपवर उत्तरं देणं, पार्सल टाकणं यांत ३० तास सहज जातात. सुईवर उरतात ७०. मग शंभरही तासांना ३९ रुपये पडावेत म्हणून सुईच्या प्रत्येक तासाला ५६ रुपये लावावे लागतात.

किमतीचं सूत्र असं: सुईचे तास गुणिले ५६, त्यात सामान, आणि या बेरजेला भागिले ०.७. विक्री किमतीतले २० टक्के विक्रीखर्चाला आणि १० टक्के नवे नमुने, खराब माल, सुया-कात्री यांना राखून ठेवायचे, म्हणून ०.७. त्यानुसार तीन वस्तूंच्या किमती अशा येतात:

मोठी गोधडी – ६० तास, सामान ७०० रुपये – किंमत ५,८०० रुपये.
बाळाचं दुपटं, ३ बाय ३ फूट – साडेपंधरा तास, सामान २१० रुपये – किंमत १,५४० रुपये.
कुशन कव्हर, १६ इंची – साडेतीन तास, सामान ७५ रुपये – किंमत ३९० रुपये.

मोठ्या गोधडीचा आकडा पाहून छाती दडपते. इतके पैसे देणारं गिऱ्हाईक रोज भेटणार नाही. म्हणून मोठी गोधडी ऑर्डरशिवाय शिवू नये, आणि ऑर्डर घेताना निम्मी रक्कम, २,९०० रुपये, आगाऊ घ्यावी. आजीच्या लुगड्यांची गोधडी करून हवी असलेलं कुटुंब ती देतं, कारण ती वस्तू त्यांना दुसरीकडे मिळणारच नाही. तयार माल म्हणून ठेवायची ती दुपटी आणि कव्हरं. फुक्स, श्रायर आणि व्हॅन ओसेलार या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं, की हातानं केलेल्या वस्तूत ग्राहकाला करणाऱ्याची माया जाणवते आणि जिवलगांना भेट द्यायची असेल तेव्हा त्याचा ओढा अशा वस्तूकडे वाढतो. बारशाचं दुपटं ही भेटीचीच वस्तू आहे.

महिन्याअखेर हातात काय?

सुईच्या ७० तासांत चार दुपटी आणि दोन कव्हरं बसतात. त्यांतून साधारण ३,९०० रुपये मजुरी सुटते. किंमत योग्य लावूनही आपण गणनेतल्या त्या ५,००० च्या रेषेखालीच राहिलो. हे कटू आहे, पण लपवून उपयोग नाही. दिवसाला चार तासांच्या कामातून घर चालत नाही. घराला हातभार लागतो.

हा आकडा वाढवायचा पहिला मार्ग किंमत वाढवण्याचा नाही, सुईबाहेरचे तास कमी करण्याचा आहे. बचत गटातल्या किंवा शेजारच्या चार-पाच जणींनी कापडखरेदी, फोटो आणि पार्सल वाटून घेतलं आणि प्रत्येकीचे ३० तास १५ वर आले, तर सुईला ८५ तास मिळतात. त्याच ५६ रुपयांच्या दरानं मजुरी ४,७६० रुपये होते. किंमत एका रुपयानंही न वाढवता महिन्याला ८४० रुपये जास्त. दुसरा मार्ग रंगसंगती आणि नमुन्याचा, म्हणजे तासाचा दरच ५६ वरून वर नेण्याचा. तो खुला आहे, पण त्याला वेळ लागतो. पहिला येत्या महिन्यापासून जमतो.

उमेद कुठे खचते?

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या टेरेसा अमाबिले आणि त्यांचे सहलेखक स्टीव्हन क्रेमर यांनी सात कंपन्यांतल्या २३८ जणांच्या सुमारे १२,००० दैनंदिन नोंदी तपासल्या. माणसांचे जे दिवस सर्वांत चांगल्या मनःस्थितीत गेले, त्यांतल्या ७६ टक्के दिवशी कामात काहीतरी पुढे सरकलं होतं. शाबासकी किंवा बक्षीस याहून, काम पुढे गेल्याची जाणीव मोठी ठरली. ती माणसं कार्यालयातली होती, पण निष्कर्ष हातकामाला चपखल लागू पडतो.

आपल्या तीन वस्तूंकडे या नजरेनं पाहा. महिन्याला २५ दिवस काम आणि सुईला ७० तास, म्हणजे दिवसाला २.८ तास. या वेगानं मोठी गोधडी पुरी व्हायला एकवीस दिवसांहून जास्त लागतात. दुपटं साडेपाच दिवसांत, कव्हर सव्वा दिवसात. जी बाई फक्त मोठ्या गोधड्या शिवते, तिला तीन आठवडे “झालं” असं म्हणायला मिळत नाही. छोट्या वस्तू पैशाच्या हिशेबात जशा उजव्या, तशाच मनाच्या हिशेबातही.

मोठी गोधडी घ्यायचीच असेल, तर तिचंही गणित समजून घ्यावं. कडेनं फेरे घेत आत जाण्याच्या पद्धतीत आपल्या मापाच्या गोधडीला अर्ध्या इंचाचे ६० फेरे लागतात. कडेचा पहिला फेरा २४ फुटांचा, त्याला पावणेदोन तास. मध्याजवळचा शेवटचा फेरा ४ फुटांचा, त्याला पाव तासाच्या थोडं वर. म्हणजे सगळ्यांत रटाळ भाग सुरुवातीलाच येतो, आणि काम टाकून द्यावंसं वाटतं तेही तेव्हाच. पण साठपैकी वीस फेरे झाले, की शिलाईची निम्मी लांबी संपलेली असते. फेरे मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहिले, की हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.

कर्ज आणि कर

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत शिंपीकाम आहे, हातमाग विणकाम नाही. हातमाग विणकरांसाठी राज्याच्या २०२३-२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात उत्सव भत्ता आहे: नोंदणीकृत पुरुषांना वर्षाला १०,००० आणि महिलांना १५,००० रुपये. विश्वकर्मा योजनेत पहिल्या टप्प्याला ५ टक्के व्याजानं १ लाखापर्यंत कर्ज मिळतं, फेड १८ महिन्यांत. व्याज स्वस्त आहे, पण पूर्ण लाख घेतला तर नुसत्या मुद्दलाचाच हप्ता महिन्याला साडेपाच हजारांवर जातो. महिन्याला १०० तास देणाऱ्या बाईची कमाई ३,९००. तिनं ते घेऊ नये.

तिला खरं भांडवल किती लागतं? चार दुपटी आणि दोन कव्हरांचं महिन्याचं सामान ९९० रुपयांचं. जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा किंवा दिवाळी धरून तीन महिने आधी माल करून ठेवायचा, तरी ३,००० रुपये पुरतात. तेवढे किमतीतल्या त्या राखीव १० टक्क्यांतून हळूहळू उभे राहतात.

जीएसटीची भीतीही बऱ्याच अंशी अनाठायी आहे. राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ही मुभा ऑनलाइन बाजारपेठांवरच्या राज्यांतर्गत विक्रीलाही मिळाली आहे. छोट्या उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणीही मोफत आहे. त्यासाठी कुणा मध्यस्थाला पैसे देऊ नका.

दोन विनंत्या

हातानं काही घडवून विकणाऱ्यांना विनंती, की पुढची वस्तू हाती घेण्याआधी वहीत तीन रकाने आखा: तास, सामान, विक्रीखर्च. तीन महिने प्रामाणिकपणे भरा. ज्या वस्तूचा तास ३९ रुपयांखाली जातो, ती एक तर छोटी करा, महाग करा किंवा बंद करा. बंद करण्यात हार नाही. तोट्यातलं काम हौस म्हणून ओढत राहण्यात मात्र हौसही जाते आणि कामही.

आणि विकत घेणाऱ्यांना विनंती, की घासाघीस करण्याआधी एवढंच विचारा, “याला किती तास लागले?” उत्तराला ३९ नं गुणा. सामान सोडून एवढी तरी रक्कम त्या हातात पडली पाहिजे. तेवढी द्यायची तयारी नसेल तर यंत्राची वस्तू घ्या, त्यात काही गैर नाही; पण हातच्या वस्तूचा भाव पाडू नका.