पाण्यातली शस्त्रक्रिया

पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत शल्यचिकित्सकाचे हत्यार आणि रुग्णाच्या शरीरातील ऊती यांच्यामध्ये हवा असते. मूत्रमार्गाच्या आजच्या बहुतेक शस्त्रक्रियांत ती जागा पाण्याने घेतलेली असते. मूत्राशय काय किंवा मूत्रपिंडाची आतली पोकळी काय, एरवी मिटलेलीच असते, आणि तिच्यात दुर्बीण घातली तरी समोर चिकटलेल्या भिंतीखेरीज काही दिसत नाही. द्रव सोडून ती पोकळी फुगवावी लागते आणि रक्ताने आलेला गढूळपणा सतत धुऊन काढावा लागतो, तेव्हा कुठे दुर्बिणीला दृष्टी येते. हा द्रव कोणता, तो किती उंचीवरून सोडायचा, किती कोमट ठेवायचा, आत किती गेला आणि बाहेर किती आला, या बाबी येथे सुरीच्या धारेइतक्याच निर्णायक ठरतात. आणि त्या प्रामुख्याने सांभाळतो तो सर्जन नव्हे, तर त्याच्या शेजारी किंवा मागे उभा असलेला, रुग्णाला बहुधा नावानेही ठाऊक नसलेला माणूस.

अमेरिकेत या माणसाला सर्जिकल टेक्नॉलॉजिस्ट म्हणतात. आपल्याकडे त्याचे काम हत्यारे हातात देणारी स्क्रब नर्स आणि यंत्रे, टेबल व द्रव यांची व्यवस्था पाहणारा ओटी टेक्निशियन यांच्यात वाटलेले आहे. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी कायदा केला, तेव्हा शस्त्रक्रियागृहातील तंत्रज्ञांच्या व्यवसायालाही त्यात स्थान मिळाले. तोवर हे काम बरेचसे 'पाहून शिकलेले' काम होते, आणि अनेक ठिकाणी अजूनही आहे.

या विभागातल्या हत्यारांची भाषा आधी समजून घ्यावी लागते. नळी, दुर्बीण, कॅथेटर, सगळ्यांची जाडी येथे 'फ्रेंच' या एककात मोजली जाते. एकोणिसाव्या शतकातील पॅरिसचा हत्यारे बनवणारा कारागीर शारिएर याने हे माप रूढ केले आणि त्याचा हिशेब सोपा आहे: तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर व्यास. वॉर्डात नेहमी वापरले जाणारे १६ क्रमांकाचे कॅथेटर म्हणजे पाच मिलिमीटरहून थोडे जाड. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर रक्ताच्या गुठळ्या बाहेर पडाव्यात म्हणून घालायचे तीन तोंडांचे कॅथेटर २२ किंवा २४ क्रमांकाचे. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत मूत्र आणणारी मूत्रवाहिनी पंचवीस ते तीस सेंटिमीटर लांब, पण आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असते, आणि तीन ठिकाणी ती आणखी अरुंद होते: मूत्रपिंडातून निघताना, ओटीपोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना आणि मूत्राशयात शिरताना. मुतखडा बहुधा याच तीन ठिकाणी अडतो. दुर्बीणही तेथेच अडते, म्हणून ट्रॉलीवर एकाच जाडीची दुर्बीण ठेवून भागत नाही.

दुर्बिणीचा इतिहासही पाण्याशी जोडलेला आहे. १८७७ मध्ये मॅक्सिमिलियन निट्झे या जर्मन वैद्याने मूत्राशयात पाहण्याची दुर्बीण दाखवली. तिच्यात प्रकाशासाठी तापून लाल झालेली प्लॅटिनमची तार होती आणि त्या तारेने रुग्ण भाजू नये म्हणून दुर्बिणीतूनच थंड पाणी फिरवले जाई. विजेचा छोटा दिवा आल्यावर ते पाणी गेले. पुढे हॉपकिन्स या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने काचेच्या लांब दांड्यांचे भिंग योजले आणि चित्र स्वच्छ झाले. ही काच आजही तितकीच नाजूक आहे. धुताना दुर्बीण एका टोकाला धरून उचलली किंवा जड हत्यारांखाली ठेवली, तर बाहेरून काही न दिसता आतली काच तडकते, आणि ते कळते पुढच्या रुग्णाच्या वेळी, पडद्यावर चित्राऐवजी चंद्रकोर उमटल्यावर.

द्रवाचा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहतो तो वाढलेल्या प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेत. पुरुषाच्या मूत्राशयाच्या मुखाशी असलेली ही ग्रंथी उतारवयात वाढून लघवीची वाट अडवते. ती वाट मोकळी करण्यासाठी मूत्रमार्गातून दुर्बीण घालून, विजेवर चालणाऱ्या तारेच्या कडीने ग्रंथीचे पातळ काप काढले जातात. जुन्या, एकध्रुवीय पद्धतीत वीज कडीतून निघून रुग्णाच्या मांडीला चिकटवलेल्या पट्टीकडे जाते. आजूबाजूला मिठाचे पाणी, म्हणजे सलाईन, असेल तर वीज त्या पाण्यातच पसरते आणि कडी कापतच नाही. साधे शुद्ध पाणी वीज वाहून नेत नाही आणि त्यातून दिसतेही छान. पण कापलेल्या ग्रंथीतल्या उघड्या शिरांमधून ते रक्तात शिरते आणि तांबड्या पेशी फुगून फुटतात. अशा दुर्घटनांवरून धडा घेत १९४० च्या दशकात ग्लायसिन या अमिनो आम्लाचे द्रावण पुढे आले. दीड टक्का ग्लायसिन वीज वाहत नाही, पेशी फोडत नाही आणि काचेसारखे स्वच्छ असते.

पण तेही रक्तात शिरतेच. जास्त प्रमाणात शिरले तर रक्त पातळ होऊन त्यातले सोडियम, जे निरोगी माणसात लिटरमागे साधारण १३५ ते १४५ मिलिमोल असते, झपाट्याने घसरते. यालाच टीयूआर सिंड्रोम म्हणतात. ही शस्त्रक्रिया बहुधा कमरेतून भूल देऊन होते, म्हणजे रुग्ण जागा असतो, आणि धोक्याची पहिली खूण कित्येकदा त्याच्याच तोंडून येते: जांभया, मळमळ, 'नीट दिसत नाही' अशी तक्रार, किंवा इतका वेळ नीट बोलणाऱ्या गृहस्थांनी अचानक असंबद्ध बोलू लागणे. भूलतज्ज्ञ हे ऐकत असतो; पण त्याआधीची खूण तंत्रज्ञाच्या बादलीत असते. तीन-तीन लिटरच्या किती पिशव्या रित्या झाल्या आणि बादलीत किती परत आले, यातला फरक वाढत चालला असेल, तर ते पाणी कुठेतरी गेलेले असते. म्हणून पिशवी टेबलापासून साधारण साठ सेंटिमीटरपेक्षा उंच टांगायची नाही, कारण उंची वाढली की दाब वाढतो, आणि कापण्याचे काम शक्यतो तासाभरात आटोपायचे, असा दंडक आहे. चित्र गढूळ झाले की सर्जन पाणी वाढवण्यास सांगतो आणि सांगकामा माणूस स्टँडचा खिळा सैल करून पिशवी वर चढवतो. जाणता माणूस चढवतो, पण किती चढवली हेही मोठ्याने सांगतो.

द्विध्रुवीय यंत्रात वीज कडीच्या आसपासच फिरून परत जाते, त्यामुळे तेथे सलाईन चालते, नव्हे तेच लागते, आणि सोडियम घसरण्याचे भय जवळजवळ संपते. तरीही शिरांतून आत गेलेल्या सलाईनचा भार दुबळ्या हृदयावर पडतोच, म्हणून बादलीचा हिशेब सुटत नाही. एकाच कपाटात दोन्ही प्रकारच्या, दिसायला सारख्या पिशव्या आणि एकाच खोलीत दोन्ही प्रकारची यंत्रे असतील, तर पिशवीवरचे लेबल मोठ्याने वाचून टांगणे हा कर्मकांडाचा भाग नव्हे.

मूत्राशयातील गाठ याच रीतीने कापून काढतात, पण तेथे आणखी एक खोच आहे. मूत्राशयाच्या बाजूच्या भिंतीलगत मांडीच्या स्नायूंना जाणारी एक नस असते. कडीतली वीज तिला पोचली की मांडी एकदम झटका देते, आणि कडी पातळ भिंतीच्या आरपार जाऊ शकते. कमरेतून दिलेल्या भुलीने हा झटका थांबत नाही, म्हणून गाठ बाजूच्या भिंतीवर आहे हे आधीच ठाऊक असेल तर पूर्ण भूल व स्नायू सैल करणारे औषध यांची तयारी ठेवली जाते.

मुतखडा हा महाराष्ट्राला परका विषय नाही आणि त्याची शस्त्रक्रियाही नवी नाही. सुश्रुतसंहितेत अश्मरी काढण्याची शस्त्रकृती, तीतील जोखमीच्या इशाऱ्यासह, सांगितलेली आहे. १९८० मध्ये म्युनिकमध्ये बाहेरून आघातलहरी सोडून खडा फोडण्याचा उपचार प्रथम झाला, तेव्हा लहरी शरीरात पोचाव्यात म्हणून रुग्णाला पाण्याच्या टाकीतच बसवीत. मोठ्या खड्यांसाठी मात्र १९७६ मध्ये स्वीडनमध्ये वर्णिलेली, पाठीला छोटे छिद्र पाडून थेट मूत्रपिंडात उतरण्याची पीसीएनएल ही पद्धत रूढ आहे, आणि तंत्रज्ञाची कसोटी लागते ती येथेच.

आधी रुग्णाला उताणे, पाय वर बांधून ठेवतात आणि मूत्राशयातून मूत्रपिंडापर्यंत एक बारीक नळी चढवतात. मग त्याला पालथे करायचे असते. भुलीखालचा माणूस पालथा करणे म्हणजे श्वासनलिकेतली नळी, सलाईनची सुई आणि आत्ताच चढवलेली मूत्रवाहिनीतली नळी यांतले काही न ओढता चार-पाच जणांनी एका आवाजावर हलणे. छातीखाली व कमरेखाली गाद्या देऊन पोट मोकळे सोडणे, डोळ्यांवर दाब नाही ना ते पाहणे. मग नळीतून रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांच्या पडद्यावर पोकळी पाहत सर्जन पाठीतून सुई घालतो, आणि सुईतून एक लवचिक तार आत सरकवतो. पुढचे सगळे त्या तारेवर चालते. तिच्यावरून क्रमाक्रमाने जाड होत जाणारे दांडे घालून वाट २४ ते ३० फ्रेंच, म्हणजे आठ ते दहा मिलिमीटर, रुंद करतात आणि तिच्यातून दुर्बीण व खडा फोडणारे यंत्र जाते. तार एक मिलिमीटरहूनही बारीक, दीड मीटर लांब आणि ओली झाली की माशासारखी निसरडी. सर्जन एक दांडा काढून दुसरा चढवतो त्या दोन-तीन सेकंदांत तारेचे शेपूट तंत्रज्ञाच्या चिमटीत असते. ती ढिली पडली आणि दांड्याबरोबर तारही बाहेर आली, तर मूत्रपिंडातली वाट हरवते आणि रक्ताळलेल्या क्षेत्रात सुई पुन्हा पहिल्यापासून घालावी लागते. म्हणूनच पुष्कळ सर्जन दुसरी, राखीव तार आधीच आत सोडून ठेवतात. येथे वापरायचे पाणी सलाईनच असते, आणि ते कोमट असावे लागते, कारण लिटरमागून लिटर थंड पाणी शरीराच्या गाभ्यातून वाहवले तर भुलीखालच्या रुग्णाचे तापमान उतरते.

लहान खड्यांसाठी वाकणारी दुर्बीण मूत्रमार्गातूनच मूत्रपिंडापर्यंत नेतात आणि लेझरने खड्याची पूड करतात. लेझरचा तंतू मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतका बारीक असतो. दुर्बीण वाकलेली असताना तो आत ढकलला तर त्याचे टोक दुर्बिणीच्या आतल्या नळीला भोक पाडते, म्हणून आधी दुर्बीण सरळ करायची, मग तंतू घालायचा, मग वाकवायचे. हा क्रम एकदा चुकला की लाखांच्या घरातले यंत्र दुरुस्तीला जाते.

मूत्रपिंड काढण्याची पहिली नियोजित शस्त्रक्रिया गुस्ताव्ह सिमोन याने २ ऑगस्ट १८६९ रोजी हायडेलबर्ग येथे, आधी कुत्र्यांवर प्रयोग करून, केली. रुग्ण स्त्री वाचली आणि एका मूत्रपिंडावर माणूस जगतो हे सिद्ध झाले. आज हे काम बहुधा पोटाला छोटी छिद्रे पाडून होते, तरी क्रम तोच आहे: आधी धमनी बांधायची, मग शीर, उलटे केले तर आत येणारे रक्त साचून मूत्रपिंड फुगते. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा दोन मूत्रपिंडांत जातो, त्यामुळे छिद्रातून चाललेल्या शस्त्रक्रियेतही पोट उघडण्याची हत्यारे आणि रक्तवाहिनीचे चिमटे मांडून ठेवावेच लागतात. मूत्रपिंडाची केवळ गाठ काढायची असेल तर धमनी चिमट्याने तात्पुरती बंद करतात, आणि त्या क्षणापासून कुणीतरी मिनिटे मोठ्याने सांगत राहते, कारण साधारण अर्ध्या तासाच्या पुढे रक्ताविना ठेवलेल्या भागाची हानी होऊ लागते.

मूत्रपिंडे दोन आहेत, यातच एक सापळा आहे. डाव्या मूत्रपिंडासाठी रुग्ण उजव्या कुशीवर झोपवतात, पालथ्या रुग्णाची डावी-उजवी पाहणाऱ्याला फसवते, आणि क्ष-किरणांची फिल्म उलटी लावली तरी ती चित्र म्हणून सुबकच दिसते. निरोगी बाजूचे मूत्रपिंड काढले गेल्याचे प्रकार जगभर घडलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या तपाससूचीत छेद घेण्यापूर्वी सर्वांनी थांबून रुग्णाचे नाव, शस्त्रक्रिया आणि बाजू उच्चारावी असे ठरवले गेले, ते अशा चुकांसाठीच; शिवाय बाजू दाखवणारी त्वचेवरची खूण जंतुनाशकाने धुऊन जाणार नाही अशाच शाईने करावी लागते, ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही.

प्रत्यारोपणात पाणी बर्फाच्या रूपाने येते. दात्याचे मूत्रपिंड बाहेर येताच थंड द्रावणाने धुतात. ते तांबड्याचे फिकट राखाडी होते आणि निर्जंतुक सलाईनच्या चुरलेल्या बर्फात ठेवले जाते. हा बर्फ अगदी भुसभुशीत लागतो, खडे राहिले तर ऊतींना टोचतात. रुग्णाची निकामी मूत्रपिंडे सहसा जागीच राहू देऊन नवे मूत्रपिंड ओटीपोटात, मांडीकडे जाणाऱ्या वाहिन्यांना जोडतात.

यांतल्या कित्येक शस्त्रक्रियांच्या शेवटी मूत्रवाहिनीत डीजे स्टेंट नावाची, दोन्ही टोकांना वेटोळे असलेली मऊ नळी ठेवली जाते, म्हणजे सूज उतरेपर्यंत मूत्र वाहते राहते. काही आठवड्यांनी ती काढायची असते. रुग्णाला बरे वाटू लागते, शेतीची कामे निघतात, आणि नळी आत राहून जाते. महिनोन्‌महिने राहिली तर तिच्यावर क्षार जमून तीच एक मुतखडा होऊन बसते आणि काढण्यासाठी पुन्हा सगळा संच मांडावा लागतो. काळजीपूर्वक चालणाऱ्या शस्त्रक्रियागृहांत स्टेंटच्या पाकिटावरचे स्टिकर वेगळ्या नोंदवहीत चिकटवतात, शेजारी काढण्याची तारीख व फोन नंबर लिहितात आणि दर आठवड्याला ती वही उघडून पाहतात. घरी जाताना मिळणाऱ्या कार्डावर ही बाब बहुधा दोन इंग्रजी शब्दांत लिहिलेली असते. 'आत नळी आहे, अमुक तारखेला काढायची' एवढी मराठी ओळ त्याच कार्डावर सहज मावते.