हंपीची जोती

विजयनगरच्या राजवाड्यांची आज केवळ दगडी जोती उरली आहेत. वरचे लाकडी बांधकाम १५६५ च्या पराभवानंतर नष्ट झाले. महानवमी चौथऱ्यावर हत्ती, घोडे, शिकारी, नर्तकी कोरलेल्या आहेत. हा दगड फोडणारे कोण, हे मात्र कोणी सांगत नाही. भोवतालच्या खडकांवर पाचरींच्या खाचांच्या रांगा अजून दिसतात. तीच त्यांची सही म्हणायची. सामान्यांची घरे माती-गवताची, ती मातीत गेली. त्यांचा माग संशोधकांना खापरांवरून काढावा लागतो.

१९८६ मध्ये हे अवशेष जागतिक वारसा ठरले. विरूपाक्ष मंदिरासमोरच्या बाजारातील जुन्या मंडपांत गोरगरिबांनी संसार थाटले होते. जुलै २०११ मध्ये तिथली घरे-दुकाने पाडली गेली. कारण दिले गेले, वारशाचे रक्षण.